डीलरकडची जुनी डिझेल गाडी: पीयूसी कोणी काढायची?

मानकापूरकर:
राजेहो, कामठी रोडवर एका डीलरकडे २०१८ ची डिझेल हॅचबॅक पाहिली. एमएच ३१, एकच मालक, टायर बरे. पीयूसी मागितली तर म्हणे, "भाऊ, दीडशे रुपयाचं काम, ट्रान्सफर झाल्यावर तुम्हीच काढून घ्या." परिवाहनच्या सरकारी साइटवर नंबर टाकला तर जुनी कधीचीच संपलेली. उभी गाडी गुपचूप चालते, पण रेस दिली की मागे काळा धूर. टोकन देऊ का?

इतवारीवाला:
दीडशे रुपयासाठी काहून डोकं लावता? भावात हजारभर तोडा अन् घ्या.

गॅरेजवाले_काका:
प्रश्न दीडशेचा नाहीच बाप्पा. मी आधी पीयूसी सेंटरवर मशीन चालवायचो, आता स्वतःचं गॅरेज आहे. डिझेलमध्ये सायलेन्सरला नळी लावून न्यूट्रलमध्ये एकदम फुल रेस देतात, तीही पुन्हा पुन्हा, अन् धूर किती दाट ते मशीन सांगते. तुमची गाडी बीएस-४ म्हणजे प्रदूषण मानकाच्या चौथ्या टप्प्याची, तिला धुराच्या दाटपणाची १.६२ ची मर्यादा. बीएस-३ असती तर २.४५ पर्यंत चाललं असतं. काळा धूर नुसत्या जाम एअर फिल्टरनेही येतो, मग थोडक्यात निभावलं. पण इंजेक्टर गेले असतील, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरला असेल किंवा टर्बोचा पाईप फाटला असेल, तर खिसा सांभाळा. डीलरला हे कळत नाही असं समजू नका.

शिवाय त्याचं बोलणं उलटं आहे. ट्रान्सफरच्या कागदांतच चालू पीयूसी मागतात, मग "नंतर काढा" कसं? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन लागतं, ते दाखवायला सांगा. गाडी ताब्यात घेतल्याची फॉर्म २९सी वर नोंद झाली असेल, तर गाडी पुढे विकेपर्यंत कायद्याने मालक तोच. पीयूसी त्यानेच काढायची.

नुसतं सर्टिफिकेट हातात ठेवलं तर भुलू नका. गाडी न हलवता निघालेली सर्टिफिकेटं मी पाहिली आहेत. त्यालाच चालवायला लावून कामठीपर्यंत फेरी मारा, इंजिन तापू द्या, अन् तुम्ही म्हणाल त्या सेंटरवर न्या. थंड इंजिनावरचा आकडा काही कामाचा नाही.

धरमपेठ_ताई:
काका, माझी पेट्रोल बीएस-६ आहे. दर सहा महिन्यांनी काढावी लागते का?

गॅरेजवाले_काका:
नाही ताई. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागतच नाही, पुढे बीएस-४ अन् बीएस-६ ला वर्षभर चालते. सहा महिने त्याआधीच्या गाड्यांना. पण तारीख चुकवू नका, दंड दहा हजारापर्यंत जातो.

मानकापूरकर:
फोन केला. ऑथरायझेशनचं विचारताच आवाज बदलला, "अर्ज टाकला आहे" म्हणाला. गाडी मात्र शनिवारी सेंटरवर आणतो म्हणतो.

गॅरेजवाले_काका:
अर्ज टाकला म्हणजे मिळालं नाही. टोकन थांबवा. शनिवारचा आकडा इथे टाका, १.५ च्या वर असला तर आधी मला गाडी दाखवा.