फोनातून पैसे द्यायची सवय काहून लागली? आपापले अनुभव सांगा

आपल्याकडचे पोट्टेपोट्टी आता दहा रुपयाच्या चहालेही स्कॅन करतात. पुण्या-मुंबईचं राहू द्या, वऱ्हाडातलं सांगा. ॲपची जाहिरात नको.

दारव्हा: चिल्लर, दुसरं काय! एसटीत कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून द्यायचे अन उतरताना गर्दीत ते राहूनच जायचं. आता मशीनवर क्यूआर येते, मोजून तेवढेच जातात. रेंज गेली की मात्र परत नोट काढा.

हिंगणघाटकडची: मी ब्लाउज शिवते. पैसे डब्यात ठेवले की घरातलं कोणीतरी "दे ना, परवा देतो" म्हणून नेते, अन तो परवा काही येत नाही, मागायला गेलं की आपणच वाईट. आता बाया फोनवर टाकतात, किती आहे ते मलेच माहीत. भाऊ पिन विचारून राहिला होता, म्हटलं तुह्या गाडीची चाबी दे मग. लोक म्हणतात कॅशबॅकसाठी घेतलं, मले तर कधी पाच रुपयाच्या वर आला नाही.

पुसद: यूपीआय 2016 चं, नोटबंदीही त्याच वर्षीची, पण तेव्हा घरात बटनाचा फोन. मी सुरू केलं कॉलेजात, अन तिथं वेगळीच पंचाईत. बाबा बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात अन चष्मा लावून एकेक ओळ वाचतात, "हे वीस रुपये कोणाले? हे पंधरा?" सामोसा होता बाबा! मग मित्रानं यूपीआय लाइट, म्हणजे त्याच ॲपातलं छोटं पाकीट, लावून दिलं. त्यात 5000 पर्यंत ठेवता येतात, एका वेळी 1000 पर्यंत द्यायला पिन लागत नाही, अन पासबुकात फक्त लाइटमध्ये टाकलेली रक्कम दिसते, सामोसे नाही.

वरोऱ्याजवळून: कापूस वेचणीची मजुरी मात्र आमच्याकडं रोखच. काटा झाला की बाया हातात मागतात, दुसऱ्या दिवशी बाजार असते अन भाजीवाली आजी स्कॅन नाही घेत. काही पोरी म्हणतात अर्धे फोनवर टाका दादा, घरी नका सांगू. मी टाकतो.

पानठेलावाला, आर्णी रोड: पोट्ट्यांच्या मागं लागण्यानं क्यूआर लावला. खर्रा घेऊन "चिल्लर नाही, उद्या देतो" म्हणणारे बंद झाले, हा फायदा. पैसे आले की बोलणाऱ्या डब्याचं भाडं दर महिन्याले कापते, ते खटकते.

दारव्हा: पुसदवाले भाऊ, ते लाइटचं कुठून चालू करायचं ते सांगा लवकर, आमच्या घरीही परवाच पासबुक भरून आलं.