मदत हवी आहे: घरच्या घरी पायरेट थीम वाढदिवस, बजेट ३००० रुपये

लेकाचा सहावा वाढदिवस पुढच्या रविवारी आहे आणि त्याला पायरेट थीमच हवीये, घर वन बीएचके, मुलं १२-१५ येतील. फ्रिजच्या मोठ्या खोक्याचं जहाज करायचं ठरवलंय, शिड म्हणून जुनी चादर, डोळ्यावरच्या पट्ट्या काळ्या कार्डपेपर आणि इलॅस्टिकच्या, नकाशा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की मस्त जुनाट दिसतो, ते झालं. खजिन्याला गोल्ड कॉइन चॉकलेट्स. खायला वडापाव, वेफर्स, कोकम सरबत, केक घरीच.

अडलंय ते खेळांवर. एवढ्या जागेत दीड तास मुलांना कसं गुंतवायचं? ट्रेझर हंट करायचाय पण निम्म्यांना अजून नीट वाचता येत नाही, मग चित्रांचे क्लू कसे बनवू?

सासरे म्हणतात खजिन्याच्या नकाशावर कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले टाक, कान्होजी आंग्र्यांना इंग्रज पायरेट म्हणायचे पण ते मराठ्यांचे सरखेल (आरमारप्रमुख) होते हे मुलांना कळू दे. मला ते फारच आवडलंय. गोष्ट पाच मिनिटांत, लहानांना समजेल अशी कशी सांगू? कोणी असं केलं असेल तर प्लीज सांगा, रिटर्न गिफ्ट ५० रुपयांच्या आत काय देता येईल तेही सुचवा.