मदत हवी आहे: अँब्युलन्स चालवणाऱ्या मामाआजोबांची युद्धातली पत्रं, आणि मोडीतल्या काही ओळी

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरहून लिहिते आहे. शहराच्या लष्कर भागातलं आमचं जुनं घर मागच्या महिन्यात रिकामं केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजीच्या शालूखाली बिस्किटांचा चौकोनी डबा निघाला आणि त्यात तेवीस पत्रं. आजीच्या थोरल्या भावाची, म्हणजे माझ्या मामाआजोबांची. दुसऱ्या महायुद्धात ते अँब्युलन्स चालवत होते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. १९४६ साली परत आले, पुढे जन्मभर मोटारी दुरुस्त केल्या आणि लढाईबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. आजी आता ब्याण्णव वर्षांची आहे. डोळे गेलेत, कान आणि आठवण शाबूत आहे. तिला ही पत्रं वाचून दाखवायला बसले आणि तीन ठिकाणी अडले, म्हणून हा धागा.

पत्रं जवळजवळ सगळी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहेत, जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेली. सुरुवात ठरलेली: "तीर्थरूप मातोश्री आईचे सेवेसी, बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष." मग सगळ्यांची खुशाली, मनीऑर्डर पोचते की नाही याची चौकशी, संक्रांतीला तिळाची गजक पाठवता येईल का याची विचारणा. गजक तर तीन पत्रांत आहे! पाकिटांवर तिकीट नाही, 'ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस' लिहिलंय आणि सेन्सॉरचा शिक्का आहे. गावाचं नाव एकाही पत्रात नाही. सुरुवातीच्या पत्रांवर एम.ई.एफ., नंतरच्यांवर सी.एम.एफ. एवढंच.

पहिली अडचण ही. ते नक्की होते कुठे? एका पत्राचा वरचा कोपरा उंदराने खाल्लाय, त्यामुळे तारीख नाही. त्यातला मजकूर जसाच्या तसा देते:

"होळी होऊन आठ दहा दिवस झाले असतील. इकडे एक डोंगर पेटला आहे. तोफांनी नव्हे, आपोआप. रात्री लाल दिसतो आणि गडगडतो. सकाळी गाडीचे बॉनेटवर राख जमली होती, ओंजळभर निघाली. आपल्याकडे होळीची राख कपाळास लावतात तशी आमच्यातील एकाने लावली. साहेब हसला."

आजीला हे पत्र पाठ आहे. डोंगर आपोआप कसा पेटतो, हा प्रश्न तिने अकराव्या वर्षी वडिलांना विचारला होता. तोच परवा मला विचारला.

दुसरी अडचण. घरात कायम सांगत आले की ते रेडक्रॉसमध्ये स्वयंसेवक होते, बिनपगारी, आपखुशीने गेलेले. मग मनीऑर्डर कसली? डब्यात एक फोटो आहे. मामाआजोबा एका मोठ्या गाडीला टेकून उभे आहेत, गाडीवर पुरुषभर रुंदीचा क्रॉस. ड्रायव्हरच्या बाजूला दार नाही, कॅनव्हासचा पडदा गुंडाळून वर बांधलाय. त्यांच्या खांद्यावर पितळी अक्षरं आहेत, भिंगाखाली आर.आय.ए.एस.सी. अशी वाटतात. शेजारी एक उंच गोरा मुलगा, फोटोच्या मागे लिहिलंय "अमेरिकन दोस्त". एका पत्रात उल्लेख आहे: "आमचे सोबत अमेरिकेची मुले गाडी चालवितात. ही मुले पगार घेत नाहीत. आपखुशीने आली आहेत." हे काय प्रकरण आहे? मामाआजोबा त्यांच्यात होते का?

तिसरी अडचण मोडीची. सात पत्रांच्या शेवटी, सहीच्या खाली, चार-सहा ओळी मोडीत आहेत. आमच्या घरात आता मोडी कुणालाच येत नाही. आजी सांगते, पत्र आलं की तिची आई ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवायची. मग वडील, म्हणजे नाना, तेच पत्र घेऊन ओसरीवर जायचे आणि एकटेच पुन्हा वाचत बसायचे. परत काय वाचतात, हे विचारायची हिंमत कुणाची नव्हती. एका पत्राचा फोटो खाली लावला आहे. त्यावर तारीख आहे, १४ जुलै १९४४. कुणी वाचून देईल का?

आणि एक चूक माझ्या हातून झाली आहे, तीही सांगते. स्कॅन करायला म्हणून दोन पत्रं एका झेरॉक्सच्या दुकानात दिली. मी फोनवर बोलायला बाहेर गेले आणि परत आले तोवर त्याने एक पत्र लॅमिनेट करून ठेवलं होतं. "मॅडम, अब सौ साल चलेगा," म्हणाला. गरम प्लॅस्टिकखाली पेन्सिलीचा जांभळा रंग दोन ठिकाणी फुटलाय. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे सोडवता येतं का?

प्रतिसाद

ताई, आधी लॅमिनेशनबद्दल, कारण तिथे घाई झाली तर पत्र जाईल. घरी सोडवायला अजिबात जाऊ नका. इस्त्री नाही, ड्रायर नाही, ब्लेडने कड उचकटणं नाही. ती जांभळी पेन्सिल म्हणजे कॉपिंग पेन्सिल, तिच्यात शाईचा रंग मिसळलेला असतो आणि ओल लागली की पसरतो. आपल्याकडचे जुने कारकून जिभेला लावून लिहायचे तीच. इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं संवर्धन केंद्र लखनौला आहे, ग्वाल्हेरहून फार लांब नाही, त्यांना दाखवा. बाकीची बावीस पत्रं पावसाळ्याच्या आत कोरड्या जागी हलवा. गंजलेल्या टाचण्या काढा, सेलोटेप लावू नका, आणि प्रत्येक पत्राचा खिडकीच्या उजेडात तिरका फोटो घेऊन ठेवा, पाठपोट.

आता डोंगर. माझ्या मते तुमच्या आजीला उत्तर देता येईल. एम.ई.एफ. म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस, इजिप्त-लिबियाकडचं सैन्य. सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, म्हणजे इटली. आणि इटलीत १८ मार्च १९४४ च्या सुमारास नेपल्सजवळचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी जागा झाला, आठवडाभर धुमसत होता. सान सेबास्तियानो हे गाव लाव्ह्याखाली गेलं. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा १० मार्चच्या आसपास होती. होळीनंतर आठ-दहा दिवस, हिशेब बरोबर जुळतो. उंदराने तारीख खाल्ली तरी होळीने ती राखून ठेवली आहे. त्याच वेळी इटलीतच माँटे कॅसिनोची लढाई चालू होती, चौथी भारतीय डिव्हिजन तिथे होती. तुमचे मामाआजोबा तिच्यात होते असं यावरून म्हणता येत नाही, पण नेपल्सच्या टापूत होते हे नक्की.

आर.आय.ए.एस.सी. म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. तिच्या मोटार अँब्युलन्स सेक्शन असत, जखमींना पुढून मागच्या इस्पितळात आणणं त्यांचं काम. गाडीवर क्रॉस असला म्हणजे माणूस रेडक्रॉसचा असं नसतं. जिनिव्हा करारानुसार लष्कराच्या वैद्यकीय गाड्यांवरही तीच खूण असते. गाडी तुम्ही सांगता तशी असेल तर ऑस्टिन के-टू. तिच्यात चार स्ट्रेचर मावत, किंवा बसते दहा जण. ती अमेरिकन मुलं अमेरिकन फील्ड सर्व्हिसची असणार. ते खरोखर बिनपगारी स्वयंसेवक होते आणि ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याबरोबर अँब्युलन्स चालवत. घरातली 'बिनपगारी' ही आठवण बहुधा त्या वाक्यातून निघून मामाआजोबांना चिकटली. पण 'आपखुशीने' मात्र खोटं नाही, हे आजींना जरूर सांगा. त्या युद्धात भारतात सक्तीची भरती नव्हती. पंचवीस लाखांहून जास्त माणसं गेली, ती सगळी कागदावर तरी स्वतःहून.

पदकं असतील तर शोधा. त्या युद्धाची ब्रिटिश सैनिकांची पदकं बिननावाची असत, भारतीयांच्या पदकांवर बहुतेक वेळा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागच्या बाजूला बघा. तो नंबर मिळाला की बंगळूरच्या ए.एस.सी. रेकॉर्ड्सला, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, वारस म्हणून अर्ज करता येईल. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी नेटवर फुकट आहे, पण ती फक्त मृतांची, त्यामुळे तुम्हाला तिचा उपयोग नाही.

प्रतिसाद

मी बडोद्याचा. निवृत्तीनंतर मोडी शिकलो, दप्तरखान्यात बसून सराव केला. तुमच्या मामाआजोबांचं अक्षर गोलसर आणि सुटं आहे, मोडीच्या मानाने फारच दयाळू. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्दही तोडत नाहीत, म्हणून खालचे शब्द मी तोडले आहेत. जिथे लागलं नाही तिथे तसं लिहिलं आहे.

"ती. नानांस. हे आईस वाचून दाखवू नये. काल रात्रौ पाच खेपा जाल्या. दिवे लावू देत नाहीत. पुढे एक असामी पाठीस पांढरे फडके बांधून चालतो, त्याचे मागे गाडी. चवथे खेपेस वरील स्ट्रेचरावरील मुलगा मराठी बोलला. मालवणाकडील. पाणी मागत होता. पोटात जखम असता पाणी देवू नये असा हुकूम आहे. दिल्हे नाही. (दोन-तीन अक्षरं लागत नाहीत) उतरविते समई गेला होता. दिल्हे असते तर काय, हे येथे कोणास पुसावे. कळावे."

ताई, तुमच्या आजींच्या आईंना मोडी वाचता येत होतं का, एवढं विचारून घ्या. त्या पिढीतल्या पुष्कळ बायका बाळबोध शिकलेल्या असत, मोडी हे पुरुषांचं, हिशेबाचं आणि कचेरीचं अक्षर. तसं असेल तर मामाआजोबांनी एकाच कागदावर दोन पत्रं लिहिली आहेत. बाकी सहा पत्रांचेही फोटो टाका, मी वाचून देतो. वेळ लागला तरी चालेल, पण सगळी वाचू.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही.

काल संध्याकाळी आजीला सगळं सांगितलं. आधी व्हेसुव्हियस. ती म्हणाली, "म्हणजे खरंच आपोआप पेटला होता. नाना म्हणाले होते, दादा थट्टा करतोय." तिच्या आईला मोडी येत नव्हतं, हे तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं. आई चातुर्मासात पोथी वाचायची, ती बाळबोधीत छापलेली. मोडी फक्त नानांना आणि दादाला.

मग त्या ओळी वाचल्या. वाचाव्यात की नाही याचा दिवसभर विचार केला होता, कारण पहिलंच वाक्य 'आईस वाचून दाखवू नये' असं आहे. पण ऐंशी वर्षं झाली, आणि ओसरीवर नाना काय वाचत होते ते कळावं म्हणून तीच थांबली आहे. दोनदा वाचून घेतलं. मग बराच वेळ गोधडीची कड बोटांत धरून बसली आणि म्हणाली, "त्या मुलाचं नाव लिहिलंय का बघ."

नाव नाही. मी मोडीच्या ओळींचा फोटो मोठा करून त्या न लागलेल्या अक्षरांपाशी बराच वेळ बघत बसले, आपल्याला येत नाही हे माहीत असून.

म्हणून आणखी एक विनंती. युद्धसमाधींची यादी मामाआजोबांसाठी उपयोगाची नाही म्हणालात, पण त्या मुलासाठी? पत्र १४ जुलैचं, म्हणजे रात्र १३ जुलै १९४४ ची. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. वाचनात आलं की त्याच महिन्यात, १० जुलैला, मराठा पलटणीचे यशवंत घाडगे इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे मराठा पलटण तेव्हा त्या भागात होती. मुलगा त्यांच्यातलाच असेल असं नाही, पण शोधायला तिथून सुरुवात करू का? त्या यादीत भारतीय सैनिकांच्या नावापुढे कित्येकदा बापाचं नाव आणि गाव असतं, हे काल रात्री स्वतः पाहिलं. तारीख घालून कसं शोधायचं ते मात्र मला जमलं नाही. कुणी शिकवाल का?

पदक सापडलं नाही, भाच्याकडे कानपूरला असेल तर विचारते. उरलेल्या सहा पत्रांचे फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढून इथे टाकते. ती न लागलेली अक्षरंही भिंगाखाली ठेवून वेगळी काढून पाठवते.