कॉमा, स्वल्पविराम आणि श्वास

प्रश्न: शाळेत आम्हांला एकच नियम सांगितला होता. वाक्य मोठ्याने वाचा आणि जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे कॉमा द्या. 'स्वल्पविराम' या शब्दाचा अर्थही तोच ना, थोडंसं थांबणं? पण माझा इंग्रजी मजकूर तपासून आला की अर्धे कॉमा खोडलेले असतात, आणि जिथे थांबायचं मला सुचलंही नव्हतं तिथे नवे घातलेले असतात. मग नेमकं धरायचं काय?

उत्तर: आधी दोन्ही शब्दांकडे पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. स्वल्पविराम म्हणजे सु + अल्प + विराम, अगदी थोडा थांबा. 'कॉमा'चं मूळ ग्रीक 'कोम्मा'. कापणं या अर्थाच्या धातूपासून तो झाला आणि त्याचा अर्थ कापून काढलेला तुकडा. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिसने इसवी सनापूर्वी 200च्या सुमारास मोठ्याने वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी टिंबांची एक पद्धत बसवली. तेव्हा कोम्मा हे नाव टिंबाचं नव्हतं, वाक्यातल्या लहान तुकड्याचं होतं. पुढे ते खुणेलाच चिकटलं. आज दिसतो तो शेपटीचा आकार रुळला पंधराव्या शतकाच्या अखेरीस, व्हेनिसमधल्या आल्दुस मानुतिउस या मुद्रकाच्या पुस्तकांमधून.

म्हणजे श्वासाचा नियम निराधार नाही, पण तो वाचणाऱ्याचा आहे. लिहिणाऱ्याने 'तुकडा' हा मूळ अर्थ धरावा. आजच्या इंग्रजीत कॉमा सांगतो की इथे अर्थाचा एक तुकडा सुटा होतो.

याची खरी कसोटी लागते ती 'हू' आणि 'विच'च्या वाक्यांत. 'माय ब्रदर, हू इज अ डॉक्टर, इज कमिंग टुमॉरो' असं लिहिलं, तर मला एकच भाऊ आहे आणि तो डॉक्टर असल्याचं मी जाता जाता सांगतो आहे. तो तुकडा उचलून टाकला तरी कोण येणार हे कळतंच. तेच वाक्य कॉमांशिवाय, 'माय ब्रदर हू इज अ डॉक्टर इज कमिंग टुमॉरो' असं लिहिलं, तर मला आणखी भाऊ आहेत आणि त्यांपैकी डॉक्टर असलेला उद्या येणार आहे. इथे तुकडा काढला तर कोणता भाऊ, हेच कळेनासं होतं. म्हणून लिहिताना स्वतःला विचारावं: हा तुकडा ओळख पटवतो आहे की जास्तीची माहिती देतो आहे? ओळख पटवणारा असेल तर कॉमा नको. जास्तीची माहिती असेल तर दोन्ही बाजूंनी हवा. एका बाजूचा विसरणं म्हणजे कंस उघडून बंद न करणं. ओळख पटवणारा तुकडा 'दॅट'ने सुरू होतो तेव्हा तर कॉमाचा प्रश्नच नाही: 'द बुक दॅट आय बॉट यस्टरडे इज मिसिंग'.

आपण इथे का चुकतो? मोडीत अशी चिन्हं नव्हती. मराठीत ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली आणि कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा होता. पण खूण घेतली तरी ती बसवली आपल्या वाक्याच्या चालीवर. 'जो अभ्यास करेल, तो पास होईल' यात 'तो'च्या आधीचा कॉमा आपल्याला स्वाभाविक वाटतो, आणि मराठीत तो योग्यच आहे. तीच सवय इंग्रजीत जाते आणि आपण 'द स्टुडंट्स हू स्टडी, विल पास' असं लिहितो. इंग्रजीत कर्ता कितीही लांब असला तरी तो आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा येत नाही. 'तो म्हणाला, की'मुळे होणारं 'ही सेड, दॅट' हेही त्याच घरातलं.

शंका: आणि दोन वाक्यं जोडताना?

उत्तर: 'अँड', 'बट', 'सो' यांच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कर्ता-क्रियापद असेल, तर त्यांच्या आधी कॉमा द्यावा. वाक्यं अगदी छोटी असली तर कॉमाशिवायही चालून जातं. पण जोडशब्दच नसेल तर नुसत्या कॉमावर दोन वाक्यं टेकवू नयेत. मराठीत 'उशीर झाला होता, आम्ही निघालो' हे वाक्य छान वाहतं. 'इट वॉज लेट, वी लेफ्ट' मात्र औपचारिक इंग्रजीत चूक ठरतं. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा 'सो' हवा. 'हाउएव्हर' दिसायला जोडशब्द वाटतो, पण ते काम तो करत नाही. त्याच्या आधी अर्धविराम लागतो.

'इफ' किंवा 'व्हेन'चा भाग आधी आला तर त्याच्यानंतर कॉमा. तो मागे गेला तर सहसा नको.

शंका: यादीत शेवटच्या 'अँड'आधी कॉमा द्यायचा की नाही? दोन पुस्तकांत दोन प्रकार दिसतात.

उत्तर: दोन्ही चालतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाची रीत तो देण्याची आहे, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. बहुतेक ब्रिटिश वर्तमानपत्रं तो देत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: द्यावा.

कारण अमेरिकेतल्या मेन राज्याचा एक खटला. तिथल्या कायद्यात काही कामांना जादा वेळेचा वाढीव मोबदला लागू नव्हता. त्या कामांच्या यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. हा मोबदला मागणारे ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक माल पोहोचवत, पण तो बांधत नसत. मग 'डिस्ट्रिब्यूशन' हे यादीतलं वेगळं काम, की पोहोचवण्यासाठीची बांधणी एवढंच? 2017 मध्ये अपील न्यायालयाने शब्दरचना संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. न्यायालयाच्या त्या निकालानंतर राज्याने कायदाच बदलला. यादीत अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्यूटिंग' असा शब्द करून ते काम सुटं केलं.

शंका: 'बिकॉज'च्या आधी?

उत्तर: एरवी नको. पण आधी नकार असेल तर जपून. 'ही डिडन्ट रिझाइन बिकॉज ऑफ द मनी' याचा सरळ अर्थ असा की त्याने राजीनामा दिला, पण पैशांमुळे दिला नाही. 'रिझाइन'नंतर कॉमा आला की तो नोकरीतच राहिला, आणि राहण्याचं कारण पैसे. मराठीत आपण हे शब्द हलवून साधतो: 'राजीनामा त्याने पैशांमुळे दिला नाही' आणि 'पैशांमुळे त्याने राजीनामाच दिला नाही'. इंग्रजीत शब्द जागचे हलत नाहीत, तो सगळा भार एका कॉमावर येतो.