गुहागरजवळच्या घरावर कौलांऐवजी पत्रा: कोणता निवडावा आणि उष्णता कशी अडवावी?

वाडीतला

नमस्कार. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दोनएक किलोमीटरवर, आमचे सुमारे नऊशे चौरस फुटांचे जांभ्याचे घर आहे. वानरांमुळे दरवर्षी किती मंगळुरी कौले बदलावी लागतात हे कोकणातल्या सदस्यांना वेगळे सांगायला नको. आता वासेही किडले आहेत, त्यामुळे लोखंडी सांगाड्यावर पत्रा घालायचे ठरले आहे. घरात आई-वडील राहतात. त्यांना एसी नको आहे, आणि वीज वारंवार जात असल्याने त्याच्यावर विसंबताही येणार नाही.

तीन जणांनी तीन पर्याय सुचवले आहेत: साधा जस्ताचा पत्रा व त्याखाली चिकटवलेले चंदेरी बबल शीट, रंगीत गॅल्व्हल्यूम (अॅल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला पोलादी) पत्रा व खाली आतले छत, किंवा थेट ५० मिमीचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेले). एप्रिल-मेच्या दुपारी खोलीत बसता यावे एवढीच अपेक्षा आहे. पैसे नेमके कशावर खर्चावेत?

उतरते छप्पर

पहिला पर्याय सोडून द्यावा, आणि तो केवळ पत्र्यामुळे नव्हे. कोरा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जी उष्णता शोषतो ती आकाशाकडे सहज टाकत नाही, त्यामुळे तो तापत राहतो. पांढरा किंवा अगदी फिकट रंग दिलेला पत्रा ऊनही परतवतो आणि शोषलेली उष्णताही लवकर सोडतो. म्हणून रंगाची निवड ही शोभेची बाब समजू नये. विटकरी रंग कौलांची आठवण करून देतो म्हणून लोक तो घेतात आणि पुढे प्रत्येक उन्हाळ्यात त्याची किंमत मोजतात.

चंदेरी शीट उपयोगी आहे, परंतु त्याची चकाकणारी बाजू मोकळ्या हवेच्या पोकळीकडे असेल तरच. पत्र्याला चिकटून लावले की उष्णता थेट स्पर्शाने पुढे जाते, आणि त्या चार मिलिमीटर बुडबुड्यांना स्वतःचा फारसा रोध नसतो. पत्रा व शीट यांच्यात किमान २०-२५ मिमी अंतर ठेवावे आणि चकाकणाऱ्या बाजूवर धूळ बसणार नाही हे पाहावे. धुळीचा थर साचला की तिचा गुण जातो.

आता आकडे. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या इको निवास संहितेने, म्हणजे निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, २०१८ साली घराच्या छपरासाठी उष्णतावहनाची (हा आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी आत येते) कमाल मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन अशी ठेवली आहे. नुसता पत्रा सहाच्या आसपास असतो. ५० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेले तंतूंचे उष्णतारोधक) घातल्यास हा आकडा साधारण ०.७ वर येतो, आणि तेवढ्याच जाडीच्या पफने ०.४ च्या जवळपास. अर्थात दोन्ही मर्यादेच्या आत बसतात. मर्यादेच्या आत आल्यावर पुढचा प्रत्येक मिलिमीटर आधीच्या मिलिमीटरपेक्षा कमी लाभ देतो, म्हणून ७५ मिमीचे पॅनेल घेण्याऐवजी तेच पैसे आढ्याला हवा जाण्यासाठी जागा ठेवण्यावर खर्चावेत. कौलांच्या फटींतून जुने घर श्वास घेत असे. पत्र्याला ती सोय नसते. वळचणीखालून हवा आत आणि आढ्यावरून बाहेर, एवढी वाट ठेवली की पत्र्याखालची तापलेली हवा साठून राहत नाही. दोन्ही तोंडांना जाळी हवीच, नाहीतर वटवाघळे माळा ताब्यात घेतील.

खारा वारा

उष्णतेबद्दल वर उत्तम लिहिले आहे. मी समुद्राबद्दल लिहितो. गॅल्व्हल्यूमचा लेप ५५ टक्के अॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि उरलेले सिलिकॉन असा असतो, आणि खाऱ्या हवेत तो साध्या जस्तापेक्षा जास्त टिकतो. लेप दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम आहे का, हे बिलावर लिहून घ्यावे. जाडी विचारताना ‘रंगासकट की नुसत्या पोलादाची’ हा प्रश्न अवश्य करावा, कारण ०.५० मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्र्यात लेप आणि रंग वगळून उरलेले पोलाद त्याहून कमी असते.

पत्रा जागेवर ग्राइंडरने कापू देऊ नये. उडालेल्या तापलेल्या ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंजाचे ठिपके उमटतात. आमच्या घरी हे झाले आहे. कामगारांनी कापलेला चुराही झाडला नव्हता. ओल्या सिमेंटचा स्पर्शही या लेपाला मानवत नाही, तेव्हा भिंतीकडेचा गिलावा आधी पूर्ण करून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या घरात असते, पत्र्याचे जेमतेम पाच. कौलारू छप्पर काही अंशी स्वतःच्या वजनाने बसून राहते, पत्र्याचे छप्पर मात्र केवळ स्क्रूंनी धरलेले असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात रायगड आणि दापोली-मंडणगड भागात छपरे कशी उडाली हे आपण पाहिलेच आहे. कडेच्या व आढ्याजवळच्या रांगांत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, रबरी वॉशरसह, आणि सांगाडाही भिंतीत खोल बांधलेला हवा.

पोटमाळा

पफबाबत माझे मत वेगळे आहे. ते जळते, आणि चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात हा विचार व्हायला हवा. रॉकवूल जळत नाही, पण भिजले की निकामी होते.

वाडीतला

मनःपूर्वक आभार. आईची चूल मागच्या पडवीत आहे, त्यामुळे त्या भागात पफ नको हे नक्की. फिकट रंगाचा गॅल्व्हल्यूम, पोकळी, खाली रॉकवूल आणि छत असा विचार पक्का होत आहे. एक शंका उरते: हिवाळ्यातल्या पहाटे पत्र्याच्या आतून दव ठिबकते असे शेजारी सांगतात. मग रॉकवूल भिजणार नाही का?

उतरते छप्पर

शेजारी बरोबर सांगतात. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि त्याखालची दमट हवा त्यावर दवरूपाने बसते. म्हणून रॉकवूल पत्र्याला टेकवू नये. ते छतावर, पोकळीच्या तळाशी ठेवावे. त्याच्यावर पाणी अडवणारे पण वाफ जाऊ देणारे आवरण उतारात ताणावे, म्हणजे पडलेले थेंब वळचणीकडे निघून जातील. ताणलेले आवरण मध्ये झोळ पडून तळे होत नाही ना, हे छत बंद करण्यापूर्वी स्वतः वर चढून पाहावे.