मदत हवी आहे: नियामक टी पेशी नेमका ब्रेक कसा लावतात?

नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या मुलांना प्रतिकारशक्ती शिकवते. एका ठिकाणी अडले आहे, जाणकारांनी कृपया हात द्यावा.

नियामक टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. त्यांचा इतिहास मला कळतो. १९७० च्या सुमारास गेर्शन आणि कोंडो यांनी सप्रेसर (प्रतिकार दाबणाऱ्या) टी पेशींची कल्पना मांडली, पण पुढे पुरावे डळमळीत ठरले आणि विषय जवळजवळ टाकून दिला गेला. १९९५ मध्ये साकागुची यांनी सीडी२५ (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) असलेल्या टी पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस (टी पेशी जिथे घडतात ती ग्रंथी) नसलेल्या उंदरांना दिल्या, तर शरीर स्वतःवरच उलटलं. वगळलेल्या पेशीही सोबत दिल्या की आजार टळला. किती सुंदर प्रयोग! मग या नियामक पेशी घडवणारं फॉक्सपी३ जनुक सापडलं, आणि २०२५ चं नोबेल.

अडचण पुढे आहे. या पेशी स्वतः इंटरल्युकिन-२ (टी पेशींना वाढायला लागणारा संदेशरेणू) बनवत नाहीत, पण तो पकडणाऱ्या सीडी२५ मुळे आजूबाजूचं सगळं शोषून घेतात, म्हणजे शेजारच्या टी पेशी उपाशी. शिवाय सीटीएलए-४ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाने डेंड्रायटिक पेशींवरचे (या टी पेशींना जागं करतात) सीडी८० आणि सीडी८६ हे चेतवणारे रेणू ओढून काढतात. वर आयएल-१० (इंटरल्युकिन-१०) आणि टीजीएफ-बीटा हे प्रतिकार शमवणारे संदेशरेणू आहेतच.

काल फळ्यावर चारही बाण काढले आणि एका मुलीने विचारलं, "मॅडम, यातला मुख्य कोणता?" मला नीट सांगता आलं नाही. आतड्यात एक आणि लसिका ग्रंथीत दुसरा, असं अवयवानुसार बदलतं का? एखादं ठोस उदाहरण देऊन कुणी समजावेल का? सोमवारी तिला उत्तर द्यायचंय.