'चवडा' असताना 'पुढचा पाय' कशाला?

यवतेश्वरचा घाट उतरताना आईचा उजवा घोटा मुरगळला. सूज ओसरल्यावर इथे साताऱ्यातच तिला व्यायामाचा छापील कागद मिळाला: 'पुढच्या पायावर भार देऊन टाच उचला.' आईने उजवा पाय पुढे टाकला, सगळा भार त्यावर घेतला आणि डाव्या पायाची टाच उचलली. आठ दिवस ती हेच करत होती. इथे नेमका शब्द कोणता हवा होता?

— चवडा! बोटांच्या लगेच मागचा तळव्याचा रुंद भाग. पावलातल्या २६ हाडांपैकी ५ लांब हाडांची टोकं तिथे टेकतात. आपल्याकडे 'पाय' म्हणजे मांडीपासून बोटांपर्यंत सगळंच, त्यामुळे 'पुढचा पाय' म्हटलं की माणूस पाय पुढे टाकणारच. चूक आईंची नाही, कागदाची आहे.

'टाचा उंचावून पाहणे' आणि 'चवड्यावर उभं राहणे' ही एकच क्रिया, दोन टोकांनी सांगितलेली. पोटरी आखडते, टाचेमागच्या जाड दोरीसारख्या कंडरेने टाच वर ओढते आणि शरीराचा भार चवड्यावर येतो. अजिंक्यताऱ्याचा चढ चढताना पोटऱ्या भरून येतात त्या यामुळेच. लोक या कंडरेलाही 'शीर' म्हणतात, आणि रक्तवाहिनीलाही. बोलताना चालेल, उपचाराच्या कागदावर मात्र हा घोळ नको.

— आणि 'घोटा' म्हणजे सांधा की बाजूचा उंचवटा?

— दोन्ही. 'घोट्याएवढं पाणी' म्हणताना उंचवटा मनात असतो, 'घोटा मुरगळला' म्हणताना सांधा. आतला उंचवटा नडगीच्या हाडाचा, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचा. बाहेरचा जास्त खाली उतरलेला असतो, म्हणून पाऊल बाहेर वळताना अडतं आणि आत सहज वळतं. उतारावर पाऊल खाली झुकलेलं असताना तर सांध्याची पकडही सैल होते. मुरगळल्यावर बहुधा बाहेरच्या बाजूला दुखतं ते तिथला अस्थिबंध ताणल्यामुळे. अस्थिबंध हाडाला हाड बांधतो, कंडरा स्नायूला हाडाशी जोडते.

त्या कागदावर एवढंच पुरे होतं: 'भिंतीचा आधार घ्या, दोन्ही चवड्यांवर उभे राहा, टाचा सावकाश टेका.'

— आत्ताच आईला वाचून दाखवलं. 'असं सांगायचं की मग!' म्हणत ती लगेच भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.